११० पैकी उणे ५७

आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एकदा तरी विचारतेच, "तू नक्की करतोस काय रे तिथे?" इतकी वर्षं मी "कॉम्प्युटरचं काम" म्हणून वेळ मारून नेत होतो, पण शेजारच्या काकूंचा मुलगा क्लाउड आर्किटेक्ट झाल्यापासून हिलाही बिल्डिंगमध्ये सांगायला काहीतरी वजनदार पाहिजे होतं. म्हणून एकदा नीट सांगितलं, की इथे अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी सुटे भाग बनवणारी छोटी छोटी वर्कशॉप्स असतात, त्यांच्याकडे खात्याची ड्रॉइंग्ज येतात, ती कुणी चोरू नयेत म्हणून ११० नियम आहेत, ते पाळले जातात का बघायला बाहेरून माणसं येतात, आणि ती यायच्या आधी मी जाऊन सगळी तयारी करून घेतो. आई झेडपीच्या शाळेत मास्तरीण होती. दोन सेकंद गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे दिपोटी यायच्या आधी शाळा सारवायची."

(दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे डेप्युटी साहेब.) आता यावर काय बोलणार. माझ्या बिझनेस कार्डावर याच गोष्टीला चार ओळी लागल्यात.

तर आमच्या या दिपोटीचं नाव सीएमएमसी, म्हणजे ठेकेदारांच्या सायबर सुरक्षेची तपासणी. नियम काही नवे नाहीत, २०१७ संपायच्या आत ते सगळे लागू करा असं ठेकेदारांना केव्हाच सांगून झालं होतं, फक्त तपासायला कुणी येत नव्हतं. २०२० च्या शेवटापासून सरकारी पोर्टलवर आपले मार्क आपणच भरायचे अशी पद्धत सुरू झाली. स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा म्हटल्यावर वर्गात जे होईल तेच झालं. मग १० नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कंत्राटांमध्ये ही अट टप्प्याटप्प्याने यायला लागली, आणि १० नोव्हेंबर २०२६ पासून दुसरा टप्पा, म्हणजे बऱ्याच जणांना बाहेरच्या परीक्षकाचं सर्टिफिकेटच लागणार. त्यामुळे मोठ्या कंपन्यांकडून छोट्यांना ईमेल सुटले, आणि छोट्यांकडून मला फोन.

गेल्या वर्षीचं गिऱ्हाईक म्हणजे ओहायोतलं, डेटनपासून तासाभरावरचं एक मशीन शॉप. तिथे राइट-पॅटरसन हा हवाई दलाचा मोठा तळ आहे, त्यामुळे आसपास असली वर्कशॉप्स भरपूर. चाळीसेक माणसं, दोन पिढ्यांचा धंदा, शिरलं की कूलंटचा तोच वास जो भोसरीत माझ्या पहिल्या नोकरीत यायचा. खरी नावं सांगत नाही, पण मी मनातल्या मनात सगळ्यांची बारशी करून टाकली होती. मालक म्हणजे अण्णा. चाळीस वर्षं लेथवर काढलेला गोरापान म्हातारा म्हणजे तात्या. रिसेप्शनवरची बाई मावशी. आणि अण्णांचा भाचा, ज्याला एकदा प्रिंटर दुरुस्त करता आला म्हणून तो कंपनीचा आयटी विभाग झाला होता, तो भाचाच. आता सगळे इंग्रजीतच बोलायचे, पण मला ते मराठीतच आठवतं, इलाज नाही.

पहिल्या दिवशी मी विचारलं, पोर्टलवर किती मार्क भरलेत? अण्णा म्हणाले, "११०."

"कुणी भरले?"

"भाच्याने. एका दुपारी."

भाच्याला विचारलं, बाबा रे, कसे काढलेस? तो म्हणाला, "तिथे लिहिलं होतं जास्तीत जास्त ११०, म्हणून तेच टाकले."

या परीक्षेची मजा अशी की सुरुवातीला ११० मार्क हातात देतात आणि एकेका चुकीचे ५, ३ किंवा १ असे कापत जातात. सगळंच चुकलं तर उणे २०३. आपल्याकडे गणितात शून्य मिळायचं, फार तर बाईंची सही आणि बापाचा मार, पण शून्याखाली कुणी जात नव्हतं. मी चार दिवस बसून हिशेब केला, आला उणे ५७. अण्णा तो आकडा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही डॅश आहे ना?"

मग मी त्यांना फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट सांगितला. १८६३ चा कायदा आहे, यादवी युद्धात सैन्याला भिकार माल विकणाऱ्या ठेकेदारांसाठी केलेला, आणि सरकारला खोटं सांगून पैसे घेतले तर नुकसानीच्या तिप्पट भरावे लागतात. हल्ली सायबर सुरक्षेबद्दल खोटं सांगणाऱ्यांनाही तोच लावतात. अण्णांच्या हातात डोनट होता तो त्यांनी हळूच परत बॉक्समध्ये ठेवला, आणि त्याच दुपारी वकिलाला फोन झाला आणि पोर्टलवर खरे मार्क गेले. तेव्हापासून माझं ऐकायला लागले.

आता मुख्य कागद म्हणजे एसएसपी, सिस्टम सिक्युरिटी प्लॅन, आपल्याकडे काय आहे आणि आपण काय करतो ते त्यात लिहायचं. तो नसेल तर परीक्षाच होत नाही. यांच्याकडे होता, दोनशे पानी, ऑनलाइन विकत घेतलेला. पान ९ वर "इथे कंपनीचे नाव टाका" तसंच. पान ४० वर म्हणे आमचं सुरक्षा पथक चोवीस तास पाळत ठेवतं. पथक म्हणजे भाचा, आणि तो साडेतीनला जिमला जातो. पान ६१ वर "डेटा सेंटर". मी म्हटलं दाखवा. तर मावशींनी भिंतीवरच्या खिळ्याची किल्ली काढून झाडूची खोली उघडली, आत पोछा, बादली, फिनेलचा कॅन, आणि बादलीवर फळी टाकून सर्व्हर.

भोसरीत आयएसओचं ऑडिट असायचं तेव्हा आम्ही फ्लोअरवर पिवळे पट्टे मारायचो, भंगार मागच्या शेडमध्ये ढकलायचो, ऑडिटर साहेबांना दुपारी झकास थाळी खिलवायचो आणि डोळे जड झाल्यावर कॅलिब्रेशनचे कागद पुढे करायचो. इथे ते चालत नाही. ११० नियमांचे ३२० बारके मुद्दे, प्रत्येकाला पुरावा, आणि तपासायचे तीन मार्ग: कागद बघणार, माणसाला विचारणार, करून दाखवायला सांगणार. तिन्हीचं उत्तर एकच आलं पाहिजे. ८८ किंवा त्याच्या वर असाल तर काही बारीकसारीक गोष्टी १८० दिवसांत पूर्ण करतो म्हणून मुदत मिळते. (आम्हाला शेवटी १०८ मिळाले, आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.)

पण सगळ्याला मुदत नाही. आणि ज्याला नाही त्यात काय असावं, तर पाहुणा आला की त्याच्याबरोबर कुणीतरी राहायचं आणि कोण आलं-गेलं त्याची नोंद ठेवायची. मार्क एकेकच, पण ते त्याच दिवशी पाहिजेत. इथे दर शुक्रवारी पिझ्झावाला पोरगा मागच्या दाराने शिरायचा, सगळ्या मशिनींच्या मधून, ड्रॉइंगवर नजर टाकत, दोघातिघांना टाळ्या देत ब्रेकरूमपर्यंत जायचा. मी म्हटलं, रजिस्टर ठेवा, बॅज द्या, सोबत माणूस द्या. मावशींनी ते इतकं मनावर घेतलं की पहिल्याच शुक्रवारी "भेटीचे कारण" या रकान्यात त्याच्याकडून "पेपरोनी" लिहून घेतलं, आणि पिझ्झा गार होईपर्यंत सोबतीला माणूस मिळेना म्हणून त्याला दारात उभा केला. शॉपमधली माणसं माझ्याशी आठवडाभर नीट बोलत नव्हती.

त्यातून श्रेडर. ड्रॉइंगवर जी माहिती असते तिला सीयूआय म्हणतात, म्हणजे अगदी गुप्त नाही पण जगजाहीरही नाही, आपल्याकडे स्थळ सांगून आलेलं असतं पण ठरेपर्यंत चारचौघांत बोलायचं नसतं, तसली. असला कागद फाडायचा तर तुकडा १ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरपेक्षा मोठा नको. यांचा श्रेडर शेवया पाडायचा. मी म्हटलं शेवया नकोत, रवा पाहिजे. नव्या श्रेडरची किंमत ऐकून अण्णांनी विचारलं, जाळून टाकले तर?

तात्या म्हणजे वेगळंच प्रकरण. कॉम्प्युटर पंधरा मिनिटांनी आपोआप लॉक होणार असं एसएसपीत लिहिलं, आणि तात्यांचं मशीनवरचं एकेक सेटअप वीस मिनिटांचं. म्हणजे हात तेलात, मान मशीनमध्ये, वर बघावं तर ड्रॉइंग गायब आणि पासवर्ड विचारतंय. आठवड्याने मायक्रोमीटरच्या डबीच्या आतल्या बाजूला पासवर्डची चिठ्ठी सापडली. मी म्हटलं तात्या, हे बरं नाही. तात्या म्हणाले, "डबीला कुणी हात लावत नाही, चाळीस वर्षांत कुणाची हिंमत नाही झाली." आणि ते खरंच होतं, त्या डबीइतकी सुरक्षित जागा अख्ख्या बिल्डिंगमध्ये नव्हती, पण हे एसएसपीत कसं लिहिणार?

सप्टेंबरमध्ये सगळ्यांचं ट्रेनिंग घेतलं. पेनड्राइव्हवर तर मी अर्धा तास बोललो. मालक माहीत नसलेला पेनड्राइव्ह सापडला तर कॉम्प्युटरला लावायचा नाही, पिशवीत घालून, चिठ्ठी लावून, कुलपात ठेवायचा, तीस दिवसांत मालक आला नाही तर नष्ट करायचा, वगैरे. घसा बसला. त्याच शनिवारी आमच्या मंडळाचा गणपती होता आणि साउंड माझ्याकडे, ऐनवेळी आरत्यांचा पेनड्राइव्ह कुठे सापडेना, शेवटी फोन माइकला टेकवून आरत्या लावल्या आणि घालीन लोटांगणच्या मध्ये कार इन्शुरन्सचा कॉल आला. असो, तो वेगळा विषय.

मग मुलाखतीची रंगीत तालीम. मी एकच सांगत होतो, खोटं बोलायचं नाही, पण विचारलंय तेवढंच सांगायचं. तात्यांना विचारलं, मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते? तात्या १९८७ च्या हिमवादळापासून सुरू झाले. पंचवीस मिनिटांनी किल्ली आली, ती पण दुसऱ्याच दाराची. आईला सांगितलं तर म्हणाली, "असल्या पोरांना आम्ही तपासणीच्या दिवशी पाणी आणायला पाठवायचो." इथे तीही सोय नाही, कुणाशी बोलायचं ते परीक्षक ठरवतात.

फेब्रुवारीत दोन परीक्षक आले. तयारी करून घेणाऱ्याने परीक्षा घ्यायची नसते, त्यामुळे मी कोपऱ्यात खुर्ची टाकून गप्प, दहावीच्या सेंटरबाहेर पाण्याची बाटली घेऊन उभ्या असलेल्या पालकासारखा. आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी बोट केलं ते थेट तात्यांकडे.

पण तात्यांनी कमाल केली. लॉगिन करून दाखवलं. ड्रॉइंगवरचा शिक्का दाखवला. रद्दी कुठे टाकता, तर रव्याच्या मशीनमध्ये. पेनड्राइव्ह सापडला तर काय कराल? "लावणार नाही. पिशवी, चिठ्ठी, कुलूप." मी श्वास सोडला. परीक्षक थँक यू म्हणून वहीत लिहायला लागला, आणि ती जी काही सेकंदांची शांतता होती ती तात्यांना सोसवली नाही.

"थांबा, दाखवतोच," म्हणाले, आणि कमरेची किल्ली काढून ड्रॉवर उघडला.

आत प्लास्टिकची पिशवी. पिशवीत पेनड्राइव्ह. वर मास्किंग टेपवर तात्यांच्या अक्षरात: ब्रेकरूममध्ये सापडला, मालक अज्ञात, लावू नये. खाली तारीख, माझ्या ट्रेनिंगच्या दिवसाची. आणि पेनड्राइव्हवर एक पांढरा स्टिकर, त्यावर माझ्या बायकोच्या सुबक अक्षरात एकच शब्द.

परीक्षकाने पिशवी उजेडात धरली. "ही कुठली लिपी?"

तात्या म्हणाले, "कळत नाही. म्हणूनच तर लावला नाही."

अण्णा वळले. "तुला येतं का हे वाचता?"

"हो."

"काय लिहिलंय?"

"आरत्या."

आरत्या म्हणजे काय ते सांगितलं, देवाची गाणी. परीक्षकाने मान डोलावली. पेनड्राइव्ह कुणाचा, हे कुणीच विचारलं नाही, आणि विचारलंय तेवढंच सांगायचं हे पाच महिने मीच घोकून घेत होतो. परीक्षक पान उलटत म्हणाला, पण तुमच्या एसएसपीत तर तीस दिवसांत नष्ट करणार असं लिहिलंय, याला पाच महिने झाले. अण्णा लालबुंद. ते वाक्य मीच लिहिलं होतं.

"आत्ता करतो," तात्या म्हणाले, आणि सगळे मिळून हायड्रॉलिक प्रेसपाशी गेलो. फार आवाजही झाला नाही. मावशींनी रजिस्टर आणलं, तात्यांनी वस्तू, दिनांक, पद्धत भरलं, मालकाच्या रकान्यात परत एकदा ठळक "अज्ञात" लिहिलं, आणि साक्षीदार म्हणून सही करायला पेन माझ्या हातात दिलं.