पिल्लाची हगवण आणि तो सहा कलमी मेसेज

तो मेसेज तुमच्याबी ग्रुपवर आलाच असंल. वर गोंडस पिल्लाचा फोटो, खाली "पिल्लाचं पोट बिघडलं? डॉक्टरकडे पैसे घालू नका, हे सहा उपाय करा" आणि शेवटी हात जोडलेले. असले मेसेज मी उघडतबी नाही. पण हा माझ्या ताईकडे गेला, ताईनं भाच्याला वाचून दाखवला, अन् परवा पहाटे पावणेसहाला भाच्याचा फोन, "मामा, भुऱ्या उठूनच नाई राहिला."

भुऱ्या म्हणजे दोन महिन्यांचं गावठी पिल्लू, वजन दोन किलोच्या आसपास. दारव्हा तालुक्यातल्या त्यायच्या वावरातून आणलेलं, आल्यापासून पोट पातळच.

तर पहिलं कलम: "दोन दिवस कडक उपाशी ठेवा, पोटाला आराम मिळतो."

ज्यानं हे लिहिलं त्यानं पिल्लू कधी हातात धरलंय का, हाच मला प्रश्न आहे. मोठ्या धडधाकट कुत्र्याला जुलाब झाले तर एखादा दिवस उपाशी ठेवायची पद्धत होती, ते खरं. पण दोन महिन्यांच्या जिवाच्या अंगात चरबी किती अन् लिव्हरमध्ये साखरेचा साठा किती? मुठीएवढं पोट, त्यात हगवणीनं पाणी चाललेलं, वरून खाणं बंद, मग रक्तातली साखर खाली जाते, पिल्लू लुळं पडतं, थरथरतं, झटके येतात आणि गेलं. भाच्यानं आदल्या दिवशी दुपारपासून काहीच दिलं नव्हतं कारण मेसेजात तसं लिहिलं होतं, रात्रभर पिल्लू कोठ्यात बारदान्यावर कुईकुई करत होतं आणि हे घरातले म्हणतात आराम मिळून राहिला. सकाळी कान थंडगार, मान टाकलेली. मी फोनवरच सांगितलं की साखरेचं पाणी कर, बोटानं हिरड्यांना चोळ, तोंडात ओतू नको, ठसका लागून फुफ्फुसात जाईल, अन् गोधडीत गुंडाळून अंगाशी धर. वीसेक मिनिटांनी त्यानं मान उचलली. दोन दिवस म्हणे! सोळा तासांतच ही गत.

ताईचं म्हणणं, "आपल्या आजीच्या काळी कुत्रे असेच जगले ना रे?" जगले ना, पण किती? गावातली कुत्री सहा-सात पिल्लं द्यायची, पोळ्यापर्यंत दोन दिसायची. बाकीच्यांचा हिशोब कोणी ठेवला? आपण जगलेल्यालेच पाहून म्हणतो, गावठी जात काटक असते.

दुसरं कलम तर डोक्यातच गेलं. "अर्धा कांदा, लसणाच्या पाच पाकळ्या ठेचून सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, जंत पडतात." अरे बाबा, कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे, त्यातल्या गंधकाच्या घटकांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मर्क व्हेटरनरी मॅन्युअल म्हणून जगभरचे डॉक्टर वापरतात ते पुस्तक आहे, नेटवर फुकट वाचायला मिळतं. त्यात आकडाच दिलाय, कुत्र्याच्या दर किलो वजनामागं १५ ते ३० ग्रॅम कांदा गेला की रक्तात बिघाड दिसतो. भुऱ्या दोन किलोचा, म्हणजे ३० ते ६० ग्रॅम, एक लहानसा कांदा. मेसेजवाला रोजचा एक कांदा सात दिवस घालायला सांगतो, वरून लसूण, जो कांद्याहूनबी जहाल! भाजून-शिजवूनही विष जात नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पिल्लू त्याच दिवशी पडत नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर होते, तोवर कांदा कोणाच्या ध्यानातबी राहत नाही. म्हणूनच उष्ट्या वरणाची फोडणी, रविवारची तर्री, हे पिल्लाच्या ताटात नको.

जंत मात्र असतातच, हे त्याचं खरं. आईच्या पोटातूनच अन् मग दुधातून येतात. पण त्याला वजनाप्रमाणं जंताचं औषध आहे, पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की सुरू करून आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी द्यायचं. पिल्लाला खेळवून पोरांनी हात धुवावे, तेच जंत माणसालेबी होतात.

तिसरं, म्हशीचं दूध पोटभर. कुत्रीच्या दुधात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, साधारण ३ टक्के, गाई-म्हशीच्या दुधात ५ च्या आसपास. आईचं दूध सुटलं की ते पचवायची ताकद आणखी कमी होते, न पचलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढतं. हगवणीवर हगवण.

चौथं, माणसाची जुलाब थांबवायची गोळी अर्धी, ताप असला तर क्रोसिन. नाही म्हणजे नाही.

पाचवं ताक-भात. आता इथं मला गप्प बसावं लागतं, कारण हे अर्धं बरोबर आहे. विरजताना लॅक्टोज थोडं मोडतं, त्यामुळं गिचका शिजवलेल्या बिनमिठाच्या भातात चमचाभर ताजं गोड दही बहुतेक पिल्लांना चालतं. आंबट ताक, मीठ, जिरं-मिरचीची फोडणी नको. त्याहून बरं म्हणजे भातात कातडं-हाड काढून उकडलेली कोंबडी कुस्करून, थोडं थोडं दिवसातून चार-पाच वेळा, बाजूला पाणी कायम. हे तीन-चार दिवसांपुरतं, कारण नुसत्या भात-कोंबडीत पुरेसं कॅल्शियम नाही अन् वाढत्या हाडांना ते लागतं. पोट बांधलं की नेहमीचं खाणं आठवडाभरात हळूहळू वाढवत न्यायचं, एकदम नाही.

सहावं, "गावठी कुत्र्याला लस लागत नाही." पार्वो नावाचा व्हायरस १९७८ पासून जगभर पिल्लं मारत आहे, तो जात विचारत नाही. रक्ताची घाण वासाची हगवण, उलट्या, पाणीसुद्धा न टिकणं, असं दिसलं तर भात-दही सोडा अन् पिल्लू उचलून दवाखाना गाठा, गाडी नसंल तर १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइन नंबरवर फोन लावा. लस सहा ते आठ आठवड्यांपासून, मग सोळा आठवड्यांचं होईस्तोवर दर तीन-चार आठवड्यांनी.

भुऱ्याला डॉक्टरनं जंताचं औषध दिलं, काल शी बांधून आली. ताई म्हणते, "मी तं फक्त वाचून दाखवलं होतं." भिंतीवरच्या कॅलेंडरवर तान्ह्या पोळ्याच्या चौकटीत तिनं पेनानं लिहून ठेवलंय, भुऱ्याची लस.