दयेचा अर्ज आणि 7 वर्षं, 10 महिने, 15 दिवस

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परवापासून वाद चाललाय. सुरुवात अमेरिकेवरून झाली. बायडेननी पद सोडायच्या आधी स्वतःच्या मुलाला माफी दिली आणि ट्रम्पनी 20 जानेवारी 2025 ला शपथ घेतली त्याच दिवशी कॅपिटलवरच्या, म्हणजे त्यांच्या संसदेवरच्या, हल्ल्यातल्या जवळपास दीड हजार लोकांना, त्यावरून. मग एकाने लिहिलं, आपल्याकडे तरी वेगळं काय आहे, राष्ट्रपतींच्या मनात आलं की फाशीचा माणूस सुटतो. मी तिथे दोन ओळी टाकल्या पण तेवढ्यावर सोडून देववेना, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. मोठं झालंय, सवडीने वाचा.

मी कोल्हापूरची. 1996 च्या शेवटी गावित मायलेकींना पकडलं तेव्हा मी चौथीत होते. त्या दिवसांत महाद्वार रोडवरून जाताना आई माझं मनगट इतकं घट्ट धरायची की घरी येईपर्यंत बांगडीचा वळ उठलेला असायचा. शाळा सुटली तरी घरचं कुणी दिसेपर्यंत बाई गेटबाहेर सोडायच्या नाहीत. मुलं पळवायची, चोऱ्या करताना त्यांना पुढे करायचं आणि मग मारून टाकायचं, असं ते प्रकरण. तेरा मुलं पळवल्याचा आरोप होता. त्यातली आई, म्हणजे गावित बाई, खटला संपायच्या आधीच वारली, तिच्या दोघी मुलींना 2001 मध्ये कोल्हापूरच्या सेशन्स कोर्टाने फाशी दिली, 2004 ला हायकोर्टाने आणि 2006 ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

त्यानंतर दयेचा अर्ज. आधी राज्यपालांकडे, मग राष्ट्रपतींकडे. 2014 मध्ये राष्ट्रपतींनी फेटाळला. आणि 18 जानेवारी 2022 ला मुंबई हायकोर्टाने दोघींची फाशी रद्द करून जन्मठेप केली. गुन्हा कमी भयंकर वाटला म्हणून नाही हं, कोर्टाने तो शब्दांत सांगता न येण्याइतका वाईटच म्हटलाय. कारण एकच, दयेच्या अर्जाचा निकाल लागायला 7 वर्षं, 10 महिने आणि 15 दिवस गेले, आणि तेही बहुतेक नुसती फाइल इकडून तिकडे जाण्यात. ईमेलचा जमाना असताना हे कसं चालतं असं कोर्टाने विचारलं, आणि सरकारच्या या ढिलाईने त्या दोघींच्या हक्कांचा भंग झालाच पण त्या निष्पाप मुलांनाही न्याय देण्यात सरकार कमी पडलं असंही म्हटलं.

मला हे वाचून जास्त लागलं कारण फाइल कशी अडकते हे मी रोज बघते. सरकारी ऑफिसात माझी पहिली तीन वर्षं आवक-जावकला गेली. कागद आला की शिक्का, नंबर, रजिस्टरला नोंद, मग संबंधित टेबलला. तिथे टिपणी लिहिली जाते, फाइल वर जाते, वरून 'चर्चा करावी' असा शेरा मारून खाली येते, ज्याने चर्चा करायची त्याची तोवर बदली झालेली असते. एक विधवा बाई यायच्या, नवऱ्याच्या फॅमिली पेन्शनसाठी. दर सोमवारी. कापडी पिशवीत कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स, वर प्लॅस्टिक गुंडाळलेलं. सर्व्हिस बुकातलं एक पान साक्षांकित नव्हतं, एवढ्यासाठी त्यांची फाइल अकरा महिने थांबली, आणि ते पान नाहीये हे त्यांना दहाव्या महिन्यात कळलं. मुद्दाम कुणी काही केलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्या टेबलावरून फाइल पुढे ढकलली होती इतकंच. फाशीच्या माणसाची फाइलसुद्धा अशाच टेबलांवरून जाते, हे हायकोर्टाचं निकालपत्र वाचताना मला पहिल्यांदा नीट कळलं.

आता ग्रुपवरच्या मुद्द्याकडे येते. राष्ट्रपतींच्या मनात आलं की, हे खरं नाहीये. घटनेचं 72 वं कलम राष्ट्रपतींना माफी द्यायचा, शिक्षा थांबवायचा, कमी करायचा, फाशीची जन्मठेप करायचा अधिकार देतं, लष्करी कोर्टाच्या शिक्षेत, केंद्राच्या अखत्यारीतल्या कायद्यांच्या गुन्ह्यात आणि कुठल्याही फाशीत. राज्यपालांना तसाच अधिकार 161 व्या कलमाने. पण 1980 च्या मारू राम खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा. म्हणजे सही राष्ट्रपती भवनात होते आणि मत तयार होतं गृहखात्यात. राष्ट्रपती फार तर एकदा फाइल फेरविचाराला परत पाठवू शकतात. अमेरिकेत तसं नाही, तिथे अध्यक्ष कुणालाही न विचारता देऊ शकतो, खटला उभा राहायच्या आधीही देऊ शकतो, अध्यक्ष फोर्डनी 1974 मध्ये माजी अध्यक्ष निक्सनना दिली ती तशीच. मर्यादा एवढ्याच की गुन्हा केंद्राच्या कायद्याखालचा हवा आणि महाभियोग त्यातून सुटत नाही.

आपल्याकडे मर्यादा कशी पडत गेली याची एक गोष्ट तर मुंबईचीच आहे, नानावटी खटला. बायकोच्या प्रियकराच्या खुनाबद्दल 11 मार्च 1960 ला हायकोर्टाने नौदलाच्या त्या अधिकाऱ्याला जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपालांनी आदेश काढून ती थांबवली, सुप्रीम कोर्टात अपील होईपर्यंत त्यांना नौदलाच्याच ताब्यात ठेवायचं म्हणून. त्याच दिवशी! माझ्या त्या सोमवारच्या बाईंना सर्व्हिस बुकाचं एक पान कळायला दहा महिने लागले आणि इथे एका दिवसात राज्यपालांची सही. सुप्रीम कोर्टाने नंतर सांगितलं की अपील आमच्यापुढे आल्यावर शिक्षा थांबवायची की नाही ते आम्ही ठरवू, राज्यपाल मधे येऊ शकत नाहीत. पुढे 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी त्यांना माफी दिलीच, आणि ती चालली, कारण तोवर कोर्टाचं काम संपलेलं होतं. माझा आक्षेप माफीला नाही. कुणाच्या फाइलला पाय फुटतात आणि कुणाची फाइल कपाटात राहते, याला आहे.

केहर सिंग खटल्यात, म्हणजे इंदिरा गांधींच्या हत्येच्या, सुप्रीम कोर्टाने आणखी एक गोष्ट सांगितली जी मला फार महत्त्वाची वाटते. राष्ट्रपती पुरावा पुन्हा तपासू शकतात, कोर्टापेक्षा वेगळं मत बनवू शकतात, आणि तरीही कोर्टाचा निकाल त्याने बदलत नाही. दोन्ही वेगळ्या पातळीवरची कामं. कारण कोर्टही चुकू शकतं आणि फाशी परत घेता येत नाही. म्हणून ही शेवटची खिडकी ठेवलीय. नंतर 2006 ला आंध्रच्या राज्यपालांनी दिलेली एक माफी सुप्रीम कोर्टाने रद्द केली, जात, धर्म, पक्ष बघून माफी देता येत नाही, तसं दिसलं तर कोर्ट बघेल असं सांगून. आणि 21 जानेवारी 2014 च्या शत्रुघ्न चौहान निकालात पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, बहुतेकांची याच कारणाने की सरकारने विनाकारण वर्षानुवर्षं लटकवलं. अर्ज फेटाळला हे कळवणं आणि फाशी यात किमान 14 दिवस हवेत हेही तेव्हाच ठरलं. त्याच्या आदल्या वर्षी अफझल गुरूच्या घरी सोपोरला अर्ज फेटाळल्याचं पत्र स्पीड पोस्टने पोचलं, फाशी होऊन गेल्यावर. त्याच्या गुन्ह्याबद्दल तुमचं जे मत असेल तेच माझंही असेल कदाचित, पण बायकोला आधी कळवायला काय लागतं?

ढिलाईचं दुसरं टोकही सांगते. कर्नाटकातल्या एका कैद्याची फाशी राष्ट्रपतींनी जून 2012 मध्ये कमी केली आणि मग कळलं की तो 2007 मध्येच बेळगावच्या जेलमध्ये वारलाय. पाच वर्षं मेलेल्या माणसाचा अर्ज टेबलांवरून फिरत होता आणि तो गेल्याचा कागद त्या फाइलला लागलाच नव्हता.

आणि पुण्याची ती केस आठवत असेल, 2007 ची, बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाची. 2015 ला सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली, मे 2017 ला राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला, आणि वॉरंट निघालं एप्रिल 2019 मध्ये, म्हणजे फेटाळल्यावरही जवळजवळ दोन वर्षं. येरवड्यात 24 जून 2019 तारीख ठरली होती. हायकोर्टाने ती थांबवून जुलैत शिक्षा 35 वर्षांची केली, डिसेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं आणि राज्यांना सांगितलं की दयेच्या अर्जांसाठी गृहखात्यात वेगळा कक्ष करा. लोक म्हणाले कोर्टाने नराधमांना वाचवलं. मला विचाराल तर कागद वेळेवर न हलवणाऱ्यांनी वाचवलं, पण त्यातल्या एकाचंही नाव कुणाला माहीत नाही.

नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 472 व्या कलमात, आता मुदती घातल्यात. कैद्याने 30 दिवसांत अर्ज करायचा, राज्यपालांनी फेटाळला तर 60 दिवसांत राष्ट्रपतींकडे, राज्याचा अभिप्राय आणि रेकॉर्ड आल्यापासून 60 दिवसांत केंद्राने शिफारस करायची. चांगलंच आहे. पण राज्याने तो अभिप्राय किती दिवसांत द्यायचा? राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय घ्यायचा? तिथे आकडाच नाही. आणि त्याच कलमात असंही लिहिलंय की निर्णय कसा घेतला याची चौकशी कुठल्याही कोर्टात होणार नाही. हे मला पटत नाही. वर सांगितलेलं सगळं, उशीर, स्पीड पोस्ट, पक्ष बघून दिलेली माफी, आपल्याला कळलं ते कोर्टात चौकशी झाली म्हणूनच ना? घटनेने कोर्टाला दिलेला अधिकार साध्या कायद्यातल्या एका ओळीने काढून घेता येतो असं मला वाटत नाही.

माझं मागणं फार नाही. अर्ज कधी आला, कुठल्या टेबलावर किती दिवस होता, या तारखा लोकांना दिसाव्यात. गॅस सिलिंडर कुठवर आलाय ते फोनवर दिसतं, हे का दिसू नये. आणि माफी दिली किंवा नाकारली तर अर्धं पान कारण लिहावं, आज तसं बंधन नाहीये.

2022 ला निकाल आला तेव्हा आईने टीव्हीवर पट्टी बघून फोन केला होता, "त्या सुटणार काय गं आता?" म्हटलं नाही, जन्मठेप आहे, कोर्टाने सोडायला नकार दिलाय. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या पोरांच्या आयांना कुणी सांगितलं असेल काय?"

हे लिहायला बसले तेव्हा 472 पुन्हा वाचलं. राष्ट्रपतींचा निर्णय 48 तासांत कळवायचा आहे, राज्याच्या गृहखात्याला आणि जेलच्या अधीक्षकांना. पोरांच्या आयांचा त्यात उल्लेख नाही.