आधी स्पायरोमेट्री, मग सीटी

दम्यात श्वासनळ्यांच्या भिंती जाड होतात आणि ते सीटी स्कॅनवर मोजता येतं, हे दमा आणि सीटीवरच्या तुमच्या लेखात छान समजावलंय. पण वाचून कुणी थेट स्कॅन सेंटर गाठू नये. आमच्या सोलापुरात यंत्रमागावरचे, विड्या वळणारे कितीतरी जण वर्षानुवर्षं धूळ नि तंबाखू छातीत घेतात. त्यांना आधी हवी स्पायरोमेट्री, म्हणजे श्वास किती आणि किती वेगाने सुटतो ते मोजणारी, ती जोरात फुंकायची तपासणी. शेजारच्या विडी कामगार मावशींना पहिल्याच भेटीत सीटी लिहून दिला, फुंकायला कुणी सांगितलंच नाही. याला काय म्हणावं! एका स्कॅनचं रेडिएशन साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट असतं.

आणखी एक. साधारण २ मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्या सीटीत नीट दिसतच नाहीत. तिथला अडथळा श्वास पूर्ण सोडून काढलेल्या स्कॅनमध्ये, अडकलेल्या हवेच्या काळपट भागांवरून ओळखतात. लेखात नेमकं हेच राहून गेलं.

हां, इनहेलर नीट घेऊनही दमा आवरत नसेल तर गोष्ट वेगळी. नळीत घट्ट बसलेले कफाचे बोळे किंवा अ‍ॅस्परजिलस बुरशीच्या अ‍ॅलर्जीने रुंदावलेल्या नळ्या तेव्हा सीटीतच सापडतात, आणि उपचारही त्याप्रमाणे बदलतात.