कोऱ्या पडद्याचा फोटो आणि तुमची कमेंट

तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा राग आला, खोटं कशाला बोलू, मग संध्याकाळी ट्रेनमध्ये परत वाचली आणि म्हटलं अर्धं तर बरोबरच बोलताय की. बाकीच्यांसाठी थोडक्यात: लंडनच्या हेवर्ड गॅलरीत २०२३ च्या ऑक्टोबरात जपानी फोटोग्राफर हिरोशी सुगिमोतोंचं प्रदर्शन लागलं होतं, त्यात सिनेमा थिएटरचे कोरा पांढरा पडदा दिसणारे फोटोही होते, त्यावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की कॅमेऱ्यातल्या फिल्मचं हे कौतुक म्हणजे नुसता नॉस्टॅल्जिया, कोरा पांढरा पडदा फोटोशॉपमध्ये दोन मिनिटांत होतो, आणि ‘फिल्म खोटं बोलत नाही’ ही माझी शुद्ध थाप.

थाप, मान्य. आमच्या आत्याचा ‘दाखवायचा’ फोटो घरी आहे, त्यात तिच्या गालावरचे देवीचे वण गायब, कारण स्टुडिओवाल्याने निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने ते अलगद भरून टाकलेले. मुलाकडच्यांनी फोटो बघून होकार कळवला आणि मग प्रत्यक्ष बघायला आले तेव्हा काय झालं ते इथे नको, आत्या हे वाचते. तर फिल्मवाले सुद्धा पहिल्यापासून चोरच.

आणि गंमत म्हणजे ते अख्खं प्रदर्शनच या चोरीवर उभं होतं, जे मी नीट सांगितलंच नाही, माझी चूक. एका फोटोत बर्फावरचं पांढरं अस्वल, पुढ्यात सील, आता काय होणार म्हणून आपण श्वास धरतो, आणि ते न्यूयॉर्कच्या म्युझियममधलं पेंढा भरलेलं अस्वल, मागचा बर्फ रंगवलेला! राजकुमारी डायनाचा फोटो १९९९ चा, म्हणजे ती जाऊन दोन वर्षं झालेली, कारण समोर आहे तो मेणाचा पुतळा. काळ्यापांढऱ्या फिल्मवर आपला आंधळा विश्वास आहे हे सुगिमोतोंना पक्कं ठाऊक आहे आणि तोच ते वापरतात.

पण कोऱ्या पडद्यावरून मी भांडणार. तो पडदा कोरा नाहीये हो. सिनेमा सुरू झाला की शटर उघडायचं, संपला की बंद करायचं, बस. मोठा जुना कॅमेरा, त्यात ८ बाय १० इंचाची एकेक सुटी फिल्म, आणि तिच्यावर अख्खा सिनेमा एकावर एक साचत जातो. दोन तासांचा धरला तर सेकंदाला २४ च्या हिशोबाने १,७२,८०० फ्रेम, सगळ्या हाणामाऱ्या, गाणी, रडारड एकत्र होऊन शेवटी पांढरं. मला त्या पांढऱ्यापेक्षा कडेचं जास्त आवडलं. भिंतीवरचं नक्षीकाम, खुर्च्यांच्या पाठी, हे सगळं दिसतं ते त्या सिनेमाच्याच उजेडात. ड्राइव्ह-इन थिएटरच्या फोटोत तर वर आकाशात विमानांच्या रेघा उमटल्यात. पांढरा चौकोन तुम्ही दोन मिनिटांत कराल, पण त्या नक्षीवर उजेड कुठून आणाल?

आता डिजिटलवर हे जमणारच नाही असं मी म्हणत नाही, जमेल. फक्त शटर बराच वेळ उघडं ठेवलं की फिल्म आळशी होत जाते, वेळ दुप्पट दिला म्हणून उजेड दुप्पट नोंदला जात नाही, आणि हुकलं की काय ते डेव्हलप केल्यावरच कळतं, तोवर सिनेमा संपून लोक घरी गेलेले असतात. नॉस्टॅल्जियासाठी एवढा कुटाणा कोण करतं?

‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणालात त्याला उत्तर नाही, रोलचे भाव बघून मीही हल्ली कॅमेरा कपाटातच ठेवते.

आणि हो, फोनची एक गंमत. प्रदर्शनात मी एका थिएटरच्या फोटोचा फोनवर फोटो काढला होता, तुमच्या कमेंटनंतर उघडून बघितला. फोनने शहाणपणा करून पडदा करडा केलाय आणि अंधारातल्या खुर्च्या उजळून ठेवल्यात.