सदाको टीव्हीतून येत नाही

कोजी सुझुकी या जपानी लेखकाची ‘रिंग’ ही भयकादंबरी वाचायला घेतली त्या रात्री मी आधी हॉलमधल्या टीव्हीवर चादर टाकली. ‘‘हे काय?’’ बायकोने विचारलं. ‘‘धूळ बसते,’’ म्हणालो. त्यातलं लांब केसांचं भूत, सदाको, टीव्हीतून सरपटत बाहेर येतं, हे सगळ्यांसारखं मलाही ठाऊक होतं.

चादर फुकट गेली. ते सरपटणं १९९८ च्या सिनेमातलं. १९९१ च्या कादंबरीत भेटतो तो असाकावा नावाचा पत्रकार. चार तरुण पोरं एकाच रात्री, एकाच वेळी दगावलेली, आणि हा पठ्ठ्या चिकाटीने धागेदोरे जुळवतोय. म्हटलं, रहस्यकथा आहे, घाबरायचं कारण नाही. सैलावून बसलो, तोवर त्याने डोंगरातल्या एका केबिनमध्ये ती व्हिडिओ कॅसेट बघितली. सात दिवसांत मरण! आता घाबरावं, तर त्याचा मित्र र्‍यूजी तीच कॅसेट खुशीने बघतो आणि तर्कशास्त्र सुरू करतो. मग इझू-ओशिमा बेट, ज्वालामुखीत उडी घेतलेली सदाकोची आई, अतींद्रिय शक्तींचे प्रयोग. काटा यायच्या बेतात होता, तेवढ्यात देवीचा विषाणू निघाला. मी नकळत दंडावरचा लशीचा वण चाचपला. भुताच्या गोष्टीत लस टोचलेली असल्याचं समाधान मिळालेला वाचक विरळाच.

भुताने कसं भुतासारखं वागावं. इथे घाबरायला बसलं की विचार करायला लावतात, आणि विचारात गुंतलं की विहिरीत उतरवतात. त्यामुळे भीती वेळच्या वेळी खर्च होत नाही, साठत जाते. रात्री दोनला फ्रिजची मोटर गुरगुरली आणि सगळी साठलेली एकदम निघाली. बाथरूमला जायचं होतं, सकाळपर्यंत थांबलो.

सकाळी मेथी निवडत बसलेल्या आईला सगळी कथा सांगितली, उताऱ्यासकट: कॅसेटची प्रत काढून दुसऱ्याला दाखवायची, की आपण सुटलो.

‘‘म्हणजे संतोषी मातेची पोस्टकार्डं,’’ आई म्हणाली. अकरा जणांना लिहा नाहीतर अनर्थ होईल, असं बजावणारी ती कार्डं ती सरळ बंबात घालायची.

मग काडी मोडत तिने विचारलं, ‘‘ती विहीर कुठे होती म्हणालास?’’

‘‘केबिनच्या खाली. विहिरीवरच बांधली होती.’’

‘‘वास्तुशांत केली होती का?’’

एवढा शोधपत्रकार, पण हा प्रश्न अख्ख्या कादंबरीत त्याने कुणालाही विचारलेला नाही.