उजेड पाडण्याचा उद्योग

आमच्या मोटारीचे हेडलाइट रस्ता दाखवत नसत. पुढे अंधार आहे, एवढेच ते खात्रीने सांगत. गाडीला पंधरावे वर्ष लागले होते, दिव्यांवरचे पॉलिकार्बोनेट उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळे पडले होते, आणि ताम्हिणी घाट उतरताना पुढचे वळण मला आधी आठवावे लागे, मग दिसे. समोरून नवी गाडी आली की तिच्या पांढऱ्या झोतापुढे आमचे दोन दिवे मांडवातल्या फ्लडलाइटखालच्या समयांसारखे वाटत. समईला निदान कोणी नमस्कार तरी करते.

आमच्या सोसायटीत पाणी, पार्किंग आणि गणपतीची वर्गणी यांपैकी कशावरही आजवर एकमत झालेले नाही. माझ्या हेडलाइटवर मात्र ते झाले. ‘एलईडी टाका,’ असे सर्वांनी सांगितले, आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांचा आग्रह सर्वांत जास्त होता. तेव्हा मी पुण्यातली गाड्यांच्या सुट्या भागांची बाजारपेठ, म्हणजे नाना पेठ गाठली.

दुकानदाराने पुढे ठेवलेल्या खोक्यावर ‘20,000 लुमेन’ असे छापलेले होते. गाडीत मुळात असलेला एच-4 जातीचा हॅलोजन बल्ब अपरवर, म्हणजे लांबच्या झोताला, 60 वॅट आणि डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या जवळच्या झोताला, 55 वॅट घेतो आणि त्यातून अनुक्रमे सुमारे 1650 आणि 1000 लुमेन उजेड मिळतो, एवढे मी वाचून गेलो होतो. म्हणून या बल्बवर रात्रीचा क्रिकेटचा सामना होईल का, असे मी विचारले. ‘काका, खोक्यावर जाऊ नका, उजेड बघा,’ असे म्हणून त्याने बल्ब पेटवला आणि थेट माझ्या तोंडावर धरला. पुढचा काही वेळ मला दुकानदारसुद्धा दिसत नव्हता, आणि व्यवहार त्याच अवस्थेत पूर्ण झाला. 6000 केल्व्हिन या आकड्याचा अर्थ त्याने ‘पॉवर’ असा सांगितला. वास्तविक तो रंगाचा आकडा आहे. हॅलोजनचा पिवळसर उजेड 3200 च्या आसपास असतो, आणि आकडा चढत गेला की उजेड वाढत नाही, निळसर होतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना 2014 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निवड समितीने रात्री आठनंतर सातारा रस्त्यावरून एकदा दुचाकी चालवली असती, तर निदान फेरविचार तरी केला असता.

बल्ब बसवणारा मुलगा अतिशय चपळ होता. एलईडीच्या पाठीला उष्णता बाहेर टाकणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आणि चिमुकला पंखा असतो, त्यामुळे दिव्याच्या मागची रबरी टोपी बसेना. त्याने ब्लेडने तिला गोल भोक पाडले आणि पंखा बाहेर काढला. त्या भोकातून पुढे पावसाळाही आत शिरला, आणि दिव्याच्या आतल्या बाजूने दव साचू लागले, ते वेगळेच. शिवाय दिवे लावले की रेडिओवर विविध भारतीऐवजी खरखर ऐकू येऊ लागली. एलईडीला वीज पुरवणारे स्वस्तातले सर्किट ती वीज अतिवेगाने चालू-बंद करत राहते आणि त्याचा उपद्रव रेडिओला होतो, असे कळले.

उजेड मात्र पडला. रस्ता सोडून सर्वत्र पडला. गुलमोहराचा शेंडा, त्यावरची वटवाघळे, वाढदिवसाच्या फलकावरील भावी नगरसेवकांचे सुहास्य चेहरे आणि दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे मला कधी नव्हे इतके स्पष्ट दिसू लागले. एच-4 बल्बमध्ये दोन तारा असतात, आणि डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ती वाटी परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडू देत नाही, म्हणून झोताची वरची कड कापल्यासारखी राहते आणि समोरच्याचे डोळे वाचतात. एलईडीच्या चकत्या नेमक्या त्या तारेच्या जागी आणि तंतोतंत त्याच कोनात आल्या, तरच हे गणित थोडेफार जमते. आमच्या गाडीत त्या चपळाईने, म्हणजे तिरक्या बसल्या होत्या.

समोरून येणारा प्रत्येक जण मला दिवे मिचकावून ‘डिपर दे’ असे सांगू लागला. ज्यांच्या मागे ‘यूज डिपर अ‍ॅट नाइट’ असे रंगवलेले असते, ते ट्रकवाले तर हा उपदेश दोन्ही बाजूंनी करू लागले. मी डिपरवरच होतो. पण आपण डिपरवर आहोत हे रात्रीच्या रस्त्यावर सिद्ध करण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे क्षणभर अपर देऊन फरक दाखवणे. माझा निरपराधपणा असा दाखवून देताच समोरचा खरोखरच आंधळा होई, चिडून तोही अपर देई, आणि मग आम्ही दोघे केवळ श्रद्धेच्या बळावर एकमेकांच्या शेजारून जात असू. ‘तुम्ही त्यांना खुलासा देताय की भांडताय?’ असे पत्नीने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि असते तरी मला तेव्हा रस्ता दिसत नव्हता.

समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांनी तोंडी तक्रार केली नाही. त्यांनी फाटकावर पाटी लावली: ‘गाडी वळवताना दिवे बंद करावेत. आमच्या घरात पुरेसे दिवे आहेत.’

हे सर्व मी निभावून नेले असते. पण खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि नूतनीकरणासाठी ती आरटीओत तपासणीला न्यावी लागते. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 उत्पादकाने दिलेल्या वाहनात मनाजोगे फेरफार करू देत नाही, आणि हेडलाइटला मान्यता मिळते ती त्यातल्या ठरावीक जातीच्या बल्बसकट. हे ज्ञान दुर्मीळ असण्याचे वास्तविक कारण नाही. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे, आणि संध्याकाळी तिच्याच पायथ्याने निम्मे कोथरूड निळसर झोत पाजळत घरी जाते.

शेवटी ट्रकवाल्यांचा भरवसा असलेल्या एका वयस्कर वायरिंगवाल्याकडे गेलो. त्यांनी बल्बकडे पाहिलेही नाही. मीटर काढून आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजले, आणि वाटेत दहा टक्क्यांहून जास्त गळती असल्याचे दाखवले. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. आमच्या गाडीत दिव्यांची सगळी वीज स्टिअरिंगजवळच्या झिजलेल्या स्विचमधून आणि बारीक जुनाट वायरींमधून रडतखडत येत होती. त्यांनी दोन रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, टाकून वीज थेट बॅटरीवरून घेतली, काचा ओल्या पॉलिश पेपरने घासून लख्ख केल्या आणि नवे 60/55 चे साधे हॅलोजन बसवले. मग गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करून, झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली येईपर्यंत मागचे स्क्रू फिरवले. ‘एवढं करायला आधी कोणी सांगितलं नाही?’ असे त्यांनी विचारले. सोसायटीतील एकमताची हकिकत मी त्यांना सांगितली नाही.

गाडी आरटीओत पास झाली. घाटातले वळण आता आठवावे लागत नाही, विविध भारती लागते, आणि भावी नगरसेवक पुन्हा अंधारात गेले आहेत. परवा फाटकाशी समोरचे गृहस्थ भेटले. दिवे बदलल्याबद्दल आभार मानतील, या अपेक्षेने मी थांबलो.

‘ते जुने एलईडी आहेत ना अजून?’ त्यांनी विचारले. ‘आमच्या गाडीचा उजेड हल्ली फारच कमी पडतो. अर्ध्या किमतीत द्या. वापरलेले आहेत, आणि कुठवर पोचतात ते मी घरी बसून पाहिलेलंच आहे.’