रातोरात? आणि मधली सात वर्षं?

‘द लोकल ट्रेन’ हा हिंदी रॉक बँड पहिल्या अल्बमने रातोरात गाजला, हे तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. बँड चंदीगडमध्ये सुरू झाला २००८ साली, ‘आलस का पेड़’ हा पहिला अल्बम आला २०१५ मध्ये. मधल्या सात वर्षांवर एक ओळही नाही!

पाठीशी रेकॉर्ड कंपनी नसली की पैसे साठतील तसा अल्बम होतो. पुण्यात आम्हीही बँड काढला होता. कार्यक्रमाचं मानधन आलं की आधी ड्रम्स रेकॉर्ड करायचे (सगळ्यात महाग तेच, खोली चांगली लागते आणि माइकही ढीगभर), गिटार घरच्या घरी, आणि मिक्सिंगची (सगळी वाद्यं एकत्र जुळवायची) वेळ येईपर्यंत आमचा बेस गिटारवाला नोकरीसाठी बंगळुरूला. अल्बम राहिलाच. त्या पोरांनी एवढी वर्षं खर्च कसा भागवला, ते लिहा की!